थांबा म्हणजे थांबा

त्रुटीकाकांच्या लायसन्सची मुदत चौदा महिन्यांपूर्वीच संपली आहे हा शोध लागला, तो ते दुसऱ्याची चूक काढायला गेले म्हणून. वरच्या मजल्यावरच्या विमावाल्याने आपली स्कूटर पार्किंगच्या पांढऱ्या पट्टीच्या चार बोटं अलीकडे लावली होती. काका त्याला पट्टीचं महत्त्व समजावून सांगत होते. पट्टीवरून ते इंडिकेटरवर आले, इंडिकेटरवरून हल्लीच्या डोळे दिपवणाऱ्या दिव्यांवर, आणि तिथून थेट "तुमच्यासारख्यांना लायसन्स देतं तरी कोण?" इथवर पोचले. विमा विकून विकून त्या माणसाला नकार पचवायची सवय झाली होती, पण अपमानाची नव्हती. तो म्हणाला, "काका, तुमचं बघू जरा." काकांनी पाकिटातून लायसन्स मोठ्या दिमाखात काढून दिलं. त्याने ते उलटसुलट केलं, तारीख वाचली, बोटांवर महिने मोजले आणि एक शब्दही न बोलता परत दिलं. बोलला असता तर काकांना उत्तर देता आलं असतं.

आता ज्या माणसाचं नावच त्रुटीकाका, त्याच्यावर ही पाळी यावी म्हणजे काय, ते कळायला त्या नावाची थोडी माहिती हवी. काका घरपट्टीच्या कचेरीत एकतीस वर्षं होते, त्यातली बारा हेडक्लार्क म्हणून. तिथे येणारा प्रत्येक अर्ज लाल शाईने "त्रुटीपूर्ततेसाठी परत" असा शेरा आणि जावक क्रमांक घेऊन परत जायचा. चुकून एखादा अर्ज पहिल्याच फेरीत मंजूर झाला, तर अर्जदारच घाबरून परत यायचा आणि विचारायचा, "साहेब, काही राहिलं तर नाही ना?" लोकांच्या सह्या, तारखा, जोडपत्रं तपासण्यात ज्याचा जन्म गेला त्याने स्वतःची तारीख चौदा महिने पाहिली नव्हती. काकू एवढंच म्हणाल्या, "दिव्याखाली अंधार." मग त्या दिवसभर गुणगुणत होत्या.

काकांनी त्याच मिनिटाला गाडी चालवणं बंद केलं. गाडी अठरा वर्षांची, लहानशी, मलई रंगाची. कोणी पाहत नव्हतं, कोणी पकडलंही नसतं. पण मुदत संपली म्हणजे संपली. खरी पंचाईत तिथे झाली. काकांची थोरली बहीण, अक्का, शहराच्या जुन्या भागात एकटी राहते. तिचे गुडघे गेलेले. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचं काम गेली पाच वर्षं काका करत होते. भाड्याच्या गाड्या उंच, अक्काला चढता येत नाही. काकांची गाडी मात्र अशी बुटकी की अक्का नुसती टेकते आणि आत जाते. पावणेदहाला ती खिडकीत येऊन बसायची. निवृत्त झाल्यापासून काकांच्या सहीची कोणी वाट पाहत नव्हतं, टेबलासमोर कोणी ताटकळत नव्हतं. आठवड्यातून दोनदा पावणेदहाला एका खिडकीत कोणीतरी आपली वाट पाहतं, एवढं एकच काम त्यांच्याकडे उरलं होतं, आणि ते त्यांना फार प्रिय होतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगायचं कशाला, दिसत नव्हतं का?

पहिल्या शुक्रवारी अक्काचा फोन आला. "अरे, दहा वाजले."

"गाडीचं जरा काम निघालंय," काका म्हणाले. एकतीस वर्षांच्या सचोटीनंतर हे त्यांचं पहिलं खोटं वाक्य होतं.

संध्याकाळपर्यंत विमावाल्याने बातमी सगळ्या मजल्यांवर पोचवली होती आणि सल्ले जिन्याने खाली यायला लागले होते. सगळ्यांचं एकमत होतं की एजंट गाठावा. वर्ष उलटून गेल्यामुळे काकांना नुसतं नूतनीकरण चालणार नव्हतं. अर्ज, शिकाऊ परवाना आणि गाडी चालवायची परीक्षा पुन्हा द्यावी लागणार होती.

"एजंटला द्या काका," विमावाला म्हणाला. आता तो अगदी जवळचा नातेवाईक असल्यासारखा रोज यायला लागला होता. "तुम्ही जायचीसुद्धा गरज नाही."

"गाडी मी चालवणार आणि परीक्षा एजंट देणार?"

"तसंच असतं ते."

"तसं असतं म्हणूनच तुमची स्कूटर पट्टीच्या अलीकडे असते," असं म्हणून काकांनी दार लावून घेतलं.

अर्ज संगणकावर भरायचा होता. या बाबतीत काकांची मतं ठाम होती. पूर्वी खिडकीमागे माणूस असायचा. तो चिडायचा, चहाला जायचा, पण त्याला तोंड होतं आणि त्या तोंडाशी भांडता यायचं. आता एक रकाना लाल होतो आणि का झाला ते सांगत नाही. करविवरणपत्राच्या वेळी याच संगणकाने त्यांना परदेशात मालमत्ता आहे का, असं चारदा विचारलं होतं, आणि काकांनी चारदा नाही म्हटल्यावर तो संशय आल्यासारखा बंद पडला होता. या खेपेला त्याने फोटो नाकारला. खाली लिहून आलं, "चेहरा आढळला नाही." काका उठून आरशात बघून आले. दुसरा फोटो काढला, तोही नाही. तिसरा काकूंनी खिडकीत उभं करून काढला. "जरा माणसात असल्यासारखं बघा," त्या म्हणाल्या, आणि रागाने वटारलेले डोळे मात्र संगणकाला लगेच आढळले.

शेवटी गाडं अडलं ते ओटीपीवर. तो सहा आकडी ओटीपी काकांच्या मोबाईलवर आलाच नाही, चिरंजिवांच्या मोबाईलवर गेला. सात वर्षांपूर्वी कुठल्याशा फॉर्मवर चिरंजिवांनी सोय म्हणून स्वतःचा नंबर घातला होता, आणि तेव्हापासून सरकारच्या लेखी काका म्हणजे चिरंजीवच होते. दोन मिनिटांत फोन वाजला.

"बाबा, लायसन्स संपलंय तुमचं?"

चिरंजीव शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. ते संगणकात काहीतरी करतात. नेमकं काय, हे काकांना अजून समजलेलं नाही, आणि समजावून सांगताना चिरंजीवही मध्येच विषय बदलतात. काकांनी आता गाडी चालवू नये हे त्यांचं दोन वर्षांपासूनचं म्हणणं. रविवारी ते जातीने आले.

"बाबा, सदुसष्ट वय झालं. हे निमित्त झालं असं समजा आणि सोडा आता. ॲप आहे ना. बटण दाबलं की गाडी दारात."

"दाबलं होतं मागे. मोबाईलवर गाडीचं चित्र मागच्या गल्लीत जाऊन बसलं, आणि ड्रायव्हरने मला फोन करून विचारलं, काका, मी कुठे आहे?"

"एकदा झालं असेल तसं."

"आणि अक्का? ती चढणार त्या माडीवर?"

"आत्याला मी नेईन की."

"मंगळवारी तुझी मीटिंग असते आणि शुक्रवारी तुझी दुसरी मीटिंग असते."

 मग बापाच्याच वळणावर जाऊन त्यांनी अट घातली. परीक्षेला तीन संधी असतात. तीनदा नापास झालं की दोन महिने परीक्षाच देता येत नाही. "तिसऱ्यांदाही नाही झालं, तर किल्ली माझ्याकडे. मग वाद नाही." काकूंनी डोळ्यांनी नको नको केलं, पण काकांनी तोवर हो म्हटलं होतं.

परीक्षेचं मैदान शहराबाहेर होतं. पूर्वी एक इन्स्पेक्टर शेजारी बसायचा, दोन वळणं घ्यायला लावायचा आणि उतरायचा. आता जमिनीत तारा पुरलेल्या, खांबांवर कॅमेरे, आणि काचेच्या खोलीत एक मशीनवाला. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने काकांची गाडी तिथवर आणून दिली. काकांनी नियमांचं पुस्तक दोनदा वाचलं होतं आणि त्यात जागोजागी कागदाच्या खुणा घातल्या होत्या. आठाचा आकडा त्यांनी असा काढला की खांबालाही वाऱ्याचा धक्का लागला नाही. चढावर गाडी एक वीतही मागे आली नाही. मग पांढरी आडवी रेघ आली आणि बाजूला लाल पाटी: थांबा.

काका थांबले. पुस्तकात लिहिलं होतं, वाहन पूर्ण थांबवावे, उजवीकडे, डावीकडे व पुन्हा उजवीकडे पाहावे आणि रस्ता मोकळा असल्याची पूर्ण खात्री झाल्यावरच पुढे जावे. काकांची मान अलीकडे पूर्ण वळत नाही; त्यांना कमरेतून वळावं लागतं. ते उजवीकडे वळले. मग डावीकडे वळले. पुन्हा उजवीकडे वळून गाडी पुढे घेतात तोच कर्णा वाजला आणि एक गोड बाई बोलली, "वाहन बंद पडले आहे. आपण अनुत्तीर्ण आहात."

गाडी तर चालू होती. काका खाली उतरून काचेच्या खोलीपाशी गेले.

"गाडी पुन्हा हलली की मशीन वेळ बघतं, दहा सेकंदांच्या वर उभी असेल तर बंद पडली होती असं धरतं," मशीनवाला म्हणाला. "तुम्हाला चौदा लागले."

"दहा सेकंद कुठे लिहिलंय?"

"सॉफ्टवेअरमध्ये."

"पुस्तकात नाही."

"पुस्तक वेगळं, सॉफ्टवेअर वेगळं."

"मग मी काय करायचं?"

"आम्ही काही करू शकत नाही काका. नियमात बसत नाही."

हे वाक्य काकांच्या चांगल्या ओळखीचं होतं. ते स्वतः ते दिवसातून वीसदा म्हणत असत. ते समोरून ऐकायला कसं लागतं, हे त्यांना निवृत्तीनंतर आठ वर्षांनी कळलं.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हिंग स्कूलचा मालक बोलत होता. "काका, तुमची चूक काय झाली सांगू? तुम्ही थांबलात."

"पाटीवर थांबा आहे."

"पाटी आहे हो. पण तिथे थांबायचं नसतं, थांबल्यासारखं करायचं. जरा ब्रेकवर पाय टेकवला, गाडी मान डोलावल्यासारखी झाली, की सोडायचा. माझी सगळी पोरं तशीच पास होतात."

या एका वाक्यावर त्या आठवड्यात घरात आणि जिन्यात एवढी चर्चा झाली की तेवढी पाण्याची टाकी फुटल्यावरही झाली नव्हती. विमावाला म्हणाला, थांबल्यासारखं करा. काकू म्हणाल्या, थांबल्यासारखं करा. चिरंजिवांनी मेसेज पाठवून तेच सांगितलं आणि पुढे अंगठ्याचं चित्र टाकलं. अक्काचा फोन आला तेव्हा काकांना वाटलं, ती तरी आपल्या बाजूची असेल. ती म्हणाली, "तू लहानपणापासून असाच. येणार कधी ते सांग."

काकांनी पार्किंगमध्ये खडूने रेघ मारली आणि गाडी जागच्या जागी उभी ठेवून सराव सुरू केला. काकू मोबाईलवर सेकंद मोजायला उभ्या राहिल्या. चौदा, तेरा, साडेतेरा. साडेअकराला मान करकरली आणि तेल चोळण्यासाठी सराव स्थगित झाला.

"तिसऱ्यांदा बघणं सोडलं, तर नऊ होतात," काकांनी हिशेब केला.

"मग सोडा."

"पुस्तकात आहे."

काकूंनी मोबाईल बोनेटवर ठेवला आणि त्या वर निघून गेल्या.

दुसऱ्या परीक्षेत काका पुन्हा थांबले, पुन्हा तीनदा वळले, आणि साडेबारा सेकंदांना त्या गोड बाईने त्यांना पुन्हा अनुत्तीर्ण केलं. दीड सेकंद कमी केल्याचं तिने काहीच मानलं नाही.

त्या दुपारी घरी येऊन काकांनी नापासाचा छापील कागद टेबलावर पसरला. कपाटातून लाल पेन काढलं. आठ वर्षांत शाई वाळली नव्हती. कागदाच्या समासात त्यांनी त्याच जुन्या तिरक्या अक्षरात लिहिलं: "दहा सेकंदांची मर्यादा कोणत्या नियमान्वये, याचा उल्लेख नाही. नियमाची प्रत जोडलेली नाही. इंजिन चालू असताना वाहन बंद पडल्याचा निष्कर्ष कसा काढला, याचा खुलासा नाही. सात दिवसांत त्रुटीपूर्ततेसाठी परत." एका जुन्या डायरीला जावक नोंदवही असं नाव दिलं, तिच्यात पहिली नोंद केली आणि कागदावर क्रमांक टाकला: जावक एक. दुसऱ्या दिवशी बसने जाऊन त्यांनी तो परवाना कचेरीच्या आवक खिडकीत दिला. खिडकीतल्या बाईंनी न वाचताच शिक्का मारला.

मशीनवाल्याला एक गोष्ट माहीत नव्हती, ती काकांना पक्की माहीत होती. माणसाने कितीही आरडाओरडा केला तरी कचेरीवर त्याचा परिणाम होत नाही. पण आवक शिक्का बसलेला कागद जिवंत होतो. त्याला टेबल लागतं, टेबलावरच्या माणसाला शेरा लिहावा लागतो, आणि शेरा लिहिता येत नसेल तर कागद वर पाठवावा लागतो. काकांचा कागद असा वर वर चढत गेला. अर्जदाराचा कागद कचेरी परत करते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कचेरीचा कागद अर्जदाराने त्रुटी काढून परत केला तर काय करायचं, यासाठी कोणाकडेच रकाना नव्हता. काकांनी आठव्या दिवशी स्मरणपत्र दिलं, पंधराव्या दिवशी दुसरं. विसाव्या दिवशी फोन आला.

"तुमचं ते पत्र माझ्या प्रलंबित यादीत सगळ्यात वर आहे," पलीकडे परवाना अधिकारी मॅडम होत्या. "बंद कसं करायचं, तुम्हीच सांगा."

"समक्ष पाहणी करा, मॅडम. मी तसंच करायचो."

शुक्रवारी सकाळी आठची वेळ ठरली. शेवटची संधी म्हणून चिरंजीव रजा काढून आले आणि गाडी त्यांनीच चालवत मैदानावर नेली. काका शेजारच्या सीटवर मांडीवर पुस्तक घेऊन बसले होते. अठरा वर्षांत त्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते, आणि तिथून रस्ता वेगळाच दिसत होता. चिरंजीव एकदाच बोलले. "बाबा, फक्त आजच्या दिवस. थांबल्यासारखं करा. मलाही किल्ली नकोय हो."

 मुलगा खरं बोलत होता हे त्यांना कळत होतं. पण त्यांनी मांडीवरचं पुस्तक खुणेच्या पानावर उघडलं.

मॅडम शेजारी बसल्या. आठ झाला, चढ झाला, रेघ आली. काका थांबले. उजवीकडे वळताना त्यांना काचेच्या खोलीजवळ उभे असलेले चिरंजीव दिसले. ते हाताने पुढे चला, पुढे चला करत होते. काका डावीकडे वळले. मग सगळ्या जगाच्या नाकावर टिच्चून पुन्हा उजवीकडे वळले आणि मगच त्यांनी गाडी पुढे घेतली. कर्णा वाजला. "वाहन बंद पडले आहे."

मॅडमनी डॅशबोर्डवर हात ठेवला. जुनी गाडी, आरशासकट सगळी थरथरत होती. त्या उतरल्या.

"गाडी चालू आहे," त्या मशीनवाल्याला म्हणाल्या.

"मशीन बंद म्हणतंय मॅडम."

"मी आत बसले होते."

"हो, पण सिस्टीममध्ये बंद दिसतंय."

मॅडमनी दीर्घ श्वास घेतला. काकांच्या हातात गाडी असताना मशीन असं म्हणतं, तर तीच गाडी दुसऱ्याच्या हातात असताना काय म्हणतं ते पाहू, असं त्यांनी ठरवलं. मशीनवाल्याला गाडी येत नव्हती. चिरंजीव पुढे झाले. "मी चालवतो. सोपं आहे ते, सेन्सरची मर्यादा फक्त." त्यांनी काकांकडून किल्ली घेतली आणि ते मॅडमना शेजारी बसवून निघाले. आठ काढताना एक खांब हलला, पण पडला नाही. रेघेपाशी गाडीने जरा मान डोलावली आणि ती तशीच पुढे गेली. मैदानावर वाजंत्रीची धून वाजली. "अभिनंदन. शंभरपैकी शंभर गुण."

चिरंजीव हसत उतरले. मॅडम हसत नव्हत्या.

"थांबा लिहिलेलं दिसलं होतं का?"

"हो. म्हणजे, दिसलं की."

"मग?"

"रस्ता मोकळाच होता, मॅडम."

"कुठल्या बाजूचा? तुम्ही कुठेच बघितलं नाहीत."

चिरंजिवांनी बापाकडे पाहिलं. काकांची मान बाप म्हणून खाली गेली आणि अर्जदार म्हणून वर आली. त्या मानेला त्या दिवशी फार काम पडलं. थांबला त्याला शून्य आणि न थांबला त्याला शंभर, हे दोन छापील कागद मॅडमनी शेजारी शेजारी धरले, आणि बराच वेळ त्या दोन्हींकडे पाहत राहिल्या.

"मी तुम्हाला उत्तीर्ण करते," त्या काकांना म्हणाल्या. "समक्ष पाहणी. तेवढं तुमचं पत्र मागे घ्या."

"बाबा, घ्या," चिरंजीव हळूच म्हणाले.

"पत्र मागे घेता येत नाही," काका म्हणाले. "पत्राला उत्तर द्यावं लागतं."

मशीनवाला डोक्याला हात लावून बसला. मॅडमनी काकांकडे पाहिलं, आणि बहुधा त्यांनाही त्यांच्या नोकरीतला कोणीतरी जुना हेडक्लार्क आठवला असावा, कारण त्या बोनेटवर कागद ठेवून लिहायला लागल्या. दहा सेकंदांच्या मर्यादेस नियमाचा आधार आढळत नाही. यंत्रात दुरुस्ती होईपर्यंत ही चाचणी समक्ष घ्यावी. अर्जदार उत्तीर्ण. काकांनी ते दोनदा वाचलं.

"तारीख राहिली," ते म्हणाले.

मॅडमनी तारीख घातली. त्या खाली मान घालून लिहीत होत्या, त्यामुळे हसल्या की रागावल्या ते कळलं नाही.

पावती घेऊन काका गाडीकडे आले आणि चिरंजिवांसमोर हात पुढे केला. चिरंजिवांनी किल्ली तळहातावर ठेवली. मग सवयीने पुढचं दार उघडायला गेले.

"मागे बस," काका म्हणाले. "पुढे अक्का बसणार आहे."

नऊ वाजले होते. शंभरपैकी शंभर गुण मिळवलेले चिरंजीव निमूटपणे मागे बसले आणि न सांगता त्यांनी पट्टाही लावला. गाडी मैदानाबाहेर पडली आणि हमरस्त्याच्या तोंडाशी आली. तिथे थांबाची पाटी होती. काका थांबले. कमरेतून उजवीकडे वळले, मग डावीकडे. मागच्या ट्रकने हॉर्न दिला, त्याच्या मागच्या गाडीने दिला, मग आणखी दोघांनी दिला.

"बाबा," चिरंजीव मागून म्हणाले, "रांग लागलीय."

"लागू दे," काका म्हणाले, आणि पुन्हा उजवीकडे वळले.